जिन्यावर भरणारी सभा

मंगळवार, सकाळी साडेनऊ. चामराजपेटेतला एक सरकारी दवाखाना. स्थळ: जिना.

स्थळ मुद्दाम सांगतोय. दवाखान्यातले किस्से एरवी डॉक्टरच्या टेबलाशी नाहीतर औषधाच्या खिडकीशी घडतात. आमचे सगळे जिन्यात घडले, कारण आमचा सगळा वेळ तिथेच जायचा. असे किस्से गोळा करावे लागत नाहीत. थांबलेल्या माणसांभोवती ते आपोआप जमतात, आणि आमच्याइतकं थांबलेलं त्या इमारतीत कोणी नव्हतं.

दवाखाना दुमजली. डॉक्टर खाली, औषधं खाली, रक्ततपासणी खाली. जखमांचं ड्रेसिंग तेवढं वर. आता ड्रेसिंगला येणारे बहुतेक पायाच्या जखमेचे, कारण शुगरवाल्यांच्या जखमा पायालाच होतात आणि लवकर भरत नाहीत. म्हणजे खाली डॉक्टरांनी ज्याला सांगायचं, ‘पायावर जोर देऊ नका’, त्यालाच सिस्टरने सांगायचं, ‘ड्रेसिंगला वर या.’ अख्खी नोकरी या शहरात रिपोर्टर म्हणून काढली, पण इतकी आयती बातमी मला कुठल्याच खात्याने हातात आणून दिली नव्हती.

एका मोर्च्याच्या बातमीला गेलो असताना माझ्या तळव्यात खिळा घुसला. शुगर होतीच. त्यामुळे मीही मंगळवार-शुक्रवारचा ड्रेसिंगवाला झालो.

* * *

पहिल्याच दिवशी जिन्यात एक बाई माझ्याकडे तोंड करून पायरीवर बसलेली. दमली असेल, असं वाटलं.

"अक्का, जरा वाट देता का?"

"मीपण वरच चाललेय," ती म्हणाली. दोन्ही हात मागच्या पायरीवर टेकले, डाव्या पायाने रेटा दिला आणि बसल्या बसल्या एक पायरी वर सरकली. बँडेज बांधलेला उजवा पाय हवेत.

ही तुळसक्का. घराणं शिंप्याचं, पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घरी अजून ब्लाऊज शिवते. मशीन उजव्या पायाने चालवायची, आता डाव्याने चालवते. उजव्या अंगठ्याला जखम. डॉक्टरबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, पायाला आराम मिळाला तर अंगठा राहील, नाही मिळाला तर मोठ्या हॉस्पिटलात जाऊन काढावा लागेल. तिला अंगठा ठेवायचा होता. म्हणून ती उलटी चढत होती.

"असं पाठमोरं चढायला भीती नाही वाटत?"

"सरळ चढलं की भिंत दिसते, अण्णा. असं चढलं की माणसं दिसतात."

पुढच्या खेपेला मीही तसाच चढलो. खरंच माणसं दिसतात. नागराज नावाचा रिक्षावाला माझ्या खालच्या पायरीवर होता. टाचेला जखम. तो कन्नडमध्ये बोलतो, तुळसक्का आणि मी मराठीत, आणि भांडण दोन्हींत होतं. त्याने माझं नाव पेपरअण्णा ठेवलं. तेच टिकलं.

* * *

सरकारी नियमाप्रमाणे आमच्या दवाखान्याला रुग्णांची एक समिती होती. दवाखाना कसा चालावा, यावर पेशंटांनी मत द्यायचं. त्यात मला घेतलं, कारण बाहेरच्या पेपरवाल्यापेक्षा आतला पेपरवाला बरा. तुळसक्काला घेतलं, कारण ती कधी चुकायची नाही.

पहिली सभा अकराला. वरच्या हॉलमध्ये.

आम्ही साडेदहालाच जिन्याला लागलो. त्या दिवशी वरच्या मजल्यावर लसीकरण होतं. मुलं काखेत घेतलेल्या बायका वरखाली करत होत्या आणि दर वेळी आम्हाला भिंतीला चिकटून त्यांना वाट द्यावी लागत होती. कोणाची तरी पिशवी तुळसक्काच्या बँडेजवर आदळली. तिने बँडेज चाचपलं आणि पुढची पायरी सरकली. आम्ही वर पोचलो तेव्हा लोक उठत होते आणि चहा संपला होता. क्लार्कने मोठ्या समाधानाने सांगितलं, "पेशंटांकडून काही तक्रार आली नाही."

"कशी येईल?" तुळसक्का म्हणाली. "तक्रार जिन्यात होती."

* * *

श्रेय द्यायचं तर ते डॉक्टरबाईंना. गदगकडच्या, वयाने लहान, पहिलीच नेमणूक. हा किस्सा त्यांच्या कानावर गेला आणि पुढच्या मंगळवारी त्या ओपीडी संपवून आल्या आणि सरळ आमच्यात पायरीवर बसल्या.

"सभा इथेच घेऊ," म्हणाल्या. "बोला, काय बदलायचं?"

त्यांना वाटलं असेल, पंखा मागतील, पाणी मागतील. मला वाटलं, सगळे एका सुरात ड्रेसिंग रूम खाली मागतील. पहिला बोलला नागराज.

"आमची नावं घ्या."

तोवर सिस्टर दारातून ‘शुगर, या’ म्हणून हाक मारायची. मग अर्धा जिना उठायचा. त्याहून वाईट म्हणजे, काळी पडलेली जखम असलेल्या एका म्हाताऱ्याला तिने भर गर्दीत ‘गँगरीन कोण?’ असं विचारलं होतं. तो माणूस नंतर आलाच नाही.

डॉक्टरबाईंनी सिस्टरला वरून बोलावलं. सिस्टरही वाईट बाई नव्हती. तिच्यामागे ही रांग आणि मदतीला कोणी नाही. शुक्रवारपासून ती नाव घेऊन, पुढे अक्का-अण्णा लावून हाक मारायला लागली. हा आम्ही घडवलेला पहिला बदल. खर्च शून्य. मी आयुष्यभर निधी, टेंडर, मंजुरी यांच्या मागे धावलो. पेशंटांना आधी काय हवं असेल, हे मला विचारलं असतं तर मी साफ चुकलो असतो.

* * *

ड्रेसिंग रूम खाली आणा, ही मागणी त्याच सभेतून खात्याच्या वरच्या ऑफिसात गेली. तिथून काही दिवसांनी आला लोखंडी कठडा. बसून चढणाऱ्या माणसाला तो डोक्याच्या वर.

पुन्हा लिहिलं. या वेळी रॅम्प आला, पण दवाखान्याच्या दाराशी, जिथे जेमतेम दोन पायऱ्या होत्या. रॅम्पवर गुळगुळीत, चकचकीत फरशी. तुळसक्काने घरून गोणपाट आणून त्यावर पसरलं. काँट्रॅक्टरचा माणूस चिडला. फोटो काढायचा होता त्याला.

"हे कोणी टाकलं?"

"मी," तुळसक्का म्हणाली. "आम्ही इथे घसरून पडलो तर जखम खाली होणार आणि ड्रेसिंग वर."

गोणपाट राहिलं. फोटोत आहे.

* * *

तुळसक्काच्या माडीवर पुण्याचा एक मुलगा भाड्याने राहतो. इलेक्ट्रॉनिक सिटीत कामाला. बाईकवरून पडला तेव्हा तिनेच त्याला ड्रेसिंगला आणलं. त्याला आमचं चाललेलं बघून राहवलं नाही. त्याने फीडबॅकचा क्यूआर कोड बनवला, डॉक्टरबाईंच्या परवानगीने जिन्यात चिकटवला.

"अक्का, सिम्पल आहे. स्कॅन करायचं आणि एक्सपीरियन्स कसा होता, ते सिलेक्ट करायचं. हसरा चेहरा, रडका चेहरा."

तुळसक्काने मोबाईल लांब धरून नीट पाहिलं. "हा वर गेल्यानंतरचं विचारतोय. वर जाईपर्यंतचं कुठे लिहू?"

मुलाने स्क्रीन पुन्हा वाचली. मग म्हणाला, "व्हॅलिड पॉइंट." तो कागद त्याने स्वतःच काढला आणि पुढच्या मंगळवारी सुट्टी टाकून तुळसक्काच्या पुढे उभा राहिला, वरून येणाऱ्यांना ‘स्वल्प थांबा’ म्हणायला. ‘स्वल्प’, म्हणजे जरा, एवढंच कन्नड त्याला येत होतं.

* * *

आता खोलीचं सांगतो. औषधाच्या खिडकीला लागून खाली एक खोली होती. कायम कुलूप. मी विचारलं तेव्हा क्लार्क म्हणाला, "ती खात्याच्या साहेबांची. तपासणीला आले की बसायला." किल्ली वरच्या ऑफिसात. साहेब शेवटचे कधी बसले होते, ते त्याला आठवत नव्हतं. खिडकीच्या फटीतून मी पाहिलं. आत सोफा, त्यावरचं प्लास्टिकही काढलेलं नाही.

माझं डोकं फिरलं. बातमी त्याच संध्याकाळी लिहून तयार केली. जिन्यावर वाचून दाखवली. मला वाटलं होतं, मंडळी खूश होतील.

"छापा," नागराज म्हणाला. "आणि डॉक्टरबाईंची बदली कुठे होते, तेपण छापा."

"त्यांचा काय संबंध? दोष साहेबांचा आहे."

"दोष ज्याचा, बदली त्याचीच होते का? किती वर्षं झाली पेपरअण्णा तुम्हाला या गावात?"

मी खूप भांडलो. गप्प बसणाऱ्यांच्या जिवावरच ही कुलपं टिकतात, असंही म्हणालो. शेवटी मत घेतलं. सगळ्यांनी हात वर केले, माझ्या विरुद्ध. तुळसक्काचा हात सर्वांत शेवटी वर गेला, पण गेला.

"बाई माझा पाय हातात घेऊन बघतात," ती म्हणाली. "यांच्या आधीचे डॉक्टर लांबून बघायचे."

बातमी मी खिशात ठेवली. चूक कोणाची, हे शोधण्यात माझा जन्म गेला. या लोकांचा प्रश्न वेगळा होता: उद्या इथे कोण असेल?

* * *

साहेब तपासणीला येणार, असं कळलं. वार मंगळवार. आम्ही ठरवलं काहीच नाही, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. फक्त त्या दिवशी प्रत्येक जण वेळेवर आला आणि आपापल्या पायरीवर बसला.

साहेबांना वरचा मजला पाहायचा होता. तुळसक्का सर्वांत खालच्या पायरीवर, त्यांच्याकडे तोंड करून.

"अक्का, साहेबांना वाट द्या," क्लार्क म्हणाला.

"आहे ना वाट. माझ्या मागून."

ती एक पायरी सरकली. साहेब एक पायरी चढले. समोरासमोर, तिची नजर त्यांच्या तोंडावर. ती कन्नडमध्ये अगदी आपुलकीने विचारायला लागली.

"आई आहे का साहेब?"

"आहे."

पायरी.

"शुगर?"

"आहे."

पायरी.

"तिचे पाय बघता का कधी? तळवे?"

साहेबांनी खाली तिच्या बँडेजकडे पाहिलं.

"बघत जा. आम्हाला लागलेलं कळत नाही. दुसऱ्यानेच बघावं लागतं."

पायरी. मधे ती दम खायला थांबली. साहेबही थांबले. त्यांच्या मागे क्लार्क, त्याच्या मागे शिपाई, हातात पाण्याची बाटली.

"घरात आई राहते कुठे? वर की खाली?"

"खाली," साहेब म्हणाले. "तिला जिना झेपत नाही."

"शहाणे आहात," तुळसक्का म्हणाली आणि पुढची पायरी सरकली.

वर पोचल्यावर साहेबांनी ड्रेसिंग रूम पाहिली नाही. खिडकीतून बाहेर बघत राहिले, मग डॉक्टरबाईंना एवढंच म्हणाले, "सरी, ठीक आहे. खालची खोली घ्या."

* * *

साहेबांचा शब्द आणि किल्ली यांच्यामध्ये बरंच अंतर निघालं. सोफ्याची नोंद एका खात्याकडे, कुलपाची दुसऱ्याकडे. डॉक्टरबाई दर आठवड्याला फोन करत होत्या. तुळसक्का तोवर चढतच होती, उलटी.

किल्ली आली त्याआधीच तिचा अंगठा काढावा लागला.

मी तेव्हा बातमी छापली असती तर अंगठा राहिला असता, असं मी म्हणतो. नसता राहिला, असं नागराज म्हणतो आणि खोलीत बसलेल्या डॉक्टरबाईंकडे बोट दाखवतो. त्या अजून इथेच आहेत. हे भांडण मिटलेलं नाही.

खोली उघडली त्या दिवशी आम्ही सगळे हजर होतो. तुळसक्काला पुण्याच्या मुलाने रिक्षातून आणलं. शिपायांनी सोफा उचलून बाहेर काढला आणि सिस्टर जागच्या जागी थांबली.

सोफ्यामागे भिंतीला लागून सिमेंटचं एक टाकं होतं. घोट्याएवढं खोल, पांढरी फरशी लावलेलं. पाणी जायला मोरी, मोरीवर जाळी. बाजूला बसायला बांधलेला ओटा. आणि गुडघ्याच्या उंचीवर एक नळ. वरच्या ड्रेसिंग रूममध्ये असलं काही नव्हतं. तिथे आमचे पाय बादलीत धुतले जायचे.

तुळसक्का ओट्यावर टेकली. बँडेज सोडलेला पाय हळूच टाक्यात ठेवला. नीट बसला.

"माझ्याच मापाचं शिवलंय," ती म्हणाली.

सिस्टरने नळ फिरवला. पहिल्या फिरकीला पाणी आलं, थोडं लालसर, मग स्वच्छ.

"मग ड्रेसिंग वर कोणी नेलं?" तुळसक्काने विचारलं.

डॉक्टरबाईंनी क्लार्ककडे पाहिलं. क्लार्कने सोफ्याकडे पाहिलं.

हाच प्रश्न मी वरच्या ऑफिसला लेखी विचारला आहे. खोली दवाखान्याचीच, टाकं इमारतीबरोबरच बांधलेलं, हे त्यांना मान्य आहे. कुलूप कोणी लावलं, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.