ऑर्लीननं झोपवलेलं रान

झाड पूर्वेला पडायचं होतं. ते पश्चिमेला पडलं, आणि पडताना शेजारच्या कॅझ विर्झबाचं मचाण घेऊन पडलं.

चूक सरळसरळ ऑर्लीन टोर्गेसनची होती. मेपलच्या खोडाला कमरेच्या उंचीवर दोन-तृतीयांश काप द्यायचा, मग आकडीनं शेंडा ओढून झाड हळूच आडवं करायचं. उरलेल्या लाकडाच्या बिजागरीवर ते जिवंत राहतं, आणि मे महिन्यात पडल्या जागीच पालवतं. हरणाला आडोसा होतो, तोंडापाशी चाराही येतो. हे सगळं तिला पाठ होतं. पण त्या मार्चच्या सकाळी गोठलेल्या खोडातला पीळ तिनं बघितला नाही. खोड उभं चिरलं, गरकन फिरलं आणि कुंपणापलीकडे गेलं. कॅझची लोखंडी शिडी घडीच्या खुर्चीसारखी मिटली. वर खुंटीला नोव्हेंबरपासून लटकलेला त्याचा हिरवा थर्मास चपटा झाला.

आवाज ऐकून कॅझ धावत आला.

"मी वर असतो तर?"

"मार्चमध्ये वर बसून काय करणार होतास? अंडी उबवणार होतास?"

"ऑर्ली, माझ्या बापाचा थर्मास होता तो."

"आत कॉफी होती?"

"होती."

"नोव्हेंबरची?"

कॅझनं चपटा थर्मास उचलून कानाशी हलवला.

"मचाण उभारून देते. थर्मासही देते. आता बाजूला हो, पुढचं झाड पडतंय."

मचाण तिनं एप्रिलातच उभारून दिलं, आधीच्यापेक्षा भक्कम. थर्मासचं तेवढं राहिलं.

ऑर्लीन तेव्हा चौसष्ट वर्षांची होती. एकतीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली होती. त्यामुळे आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना तिनं कधी ना कधी "खाली बस" म्हणून दटावलेलं होतं, आणि बँकेचा मॅनेजरसुद्धा तिच्यासमोर अजून जरा सावरूनच बसायचा. लग्न केलं नव्हतं. बापाला शेवटची नऊ वर्षं तिनं एकटीनं सांभाळलं. बाप गेला आणि घरामागचं चाळीस एकर रान तिच्या आणि धाकट्या भावाच्या, मायलोच्या, नावावर झालं.

हे रान बापाचा अभिमान होता. त्यानं त्यात आधी गाई चारल्या, मग गाई गेल्यावर स्वतः राबला. पडलेली फांदी दिसली की उचलायचा. झुडूप दिसलं की उपटायचा. चर्चमधून परतणारे लोक गाडी हळू करून म्हणायचे, काय देखणं रान आहे, आत बेसबॉल खेळता येईल. खेळता आलंच असतं. हरणांना मात्र तिथं लपता येत नव्हतं, म्हणून ती यायची, चारी दिशांना उघडं बघायची आणि कॅझच्या झुडपात जायची. चार हंगाम टोर्गेसनांच्या अंगणातल्या शिकार टांगायच्या खांबावर हरीण टांगलं गेलं नव्हतं.

मायलो मिलवॉकीला विम्याचं काम करायचा. त्यानं शहरातली शिकारी मंडळी गाठली होती. रान त्यांना विकायचं, ऑर्लीननं गावात राहायला जायचं, असा त्याचा बेत होता. पहिली झाडं आडवी झाल्याचं कळल्यावर तो तडक आला.

"बाबांनी आयुष्यभर झाडलं हे रान! आणि तू काय केलंस हे? वादळ आल्यासारखं दिसतंय."

"झाडलं म्हणूनच तर इथं हरीण राहत नाही."

"ओक पण तोडणार?"

"ओकला हात लावणार नाही, त्याची फळं ती खातात. मेपल झोपवणार."

"तुझ्यासाठी चर्चजवळ एक छान खोली बघितलीय मी. लिफ्ट आहे."

"लिफ्ट? मला वर कुठं जायचंय एवढ्यात?"

त्या वर्षी तिनं दोनशेवर झाडं आडवी केली, एकाला एक लावून, अगदी तटबंदीसारखी. लोक गाडी हळू करायचे ते आता वेगळ्या कारणानं. नोव्हेंबरचे शिकारीचे नऊ दिवस ती शिकाऱ्यांचा नारिंगी कोट घालून बसली. एक शेपटी दिसली नाही. कॅझनं मात्र तिनंच उभारलेल्या मचाणावरून दोन मारली आणि कुंपणाशी येऊन म्हणाला, "मचाण झकास बांधलंस हं."

नाताळला मायलो कागद घेऊन आला. बटाट्याच्या लेफ्से-पोळीवर लोणी लावता लावता म्हणाला, "हरीण नाही तर रान कशाला? सही कर."

"अजून एक नोव्हेंबर दे."

"दिला तर?"

"बाबांच्या खांबावर हरीण टांगलं नाही तर सही करीन. टांगलं तर हा विषय पुन्हा या टेबलावर आणायचा नाही."

मायलो कबूल झाला. त्याला हरण्यासारखं काही दिसत नव्हतं.

जानेवारीच्या बर्फात ऑर्लीन पाऊलखुणा बघत फिरली. माग तटबंदीपर्यंत यायचे, थबकायचे, वळायचे आणि कुंपणाच्या कडेनं कॅझकडे जायचे. ती तिथंच ओंडक्यावर बसली. एकतीस वर्षं रोज सकाळी किल्ली लावण्याआधी ती एक काम करायची: बसच्या मागचं संकटाचं दार उघडतं की नाही ते बघायची. उघडलं नाही तर मुलांना आत घ्यायची नाही. आणि इथं दोनशे झाडं टाकून तिनं मागचं दार ठेवलंच नव्हतं. जिथून पळता येत नाही तिथं हरीण बसेल कसं?

मार्च येताच ती गुडघ्यावर उतरली. यंत्राची करवत बाजूला ठेवून हातआरीनं, रांगत रांगत, कमरेएवढ्या उंचीचे बोगदे काढले. हरणांच्या प्रत्येक बैठकीला दोन दारं. पुढचं वरच्या ओकांकडे, मागचं खाली ओढ्याकडे. जूनपर्यंत वर पानांचं छप्पर झालं. सप्टेंबरात बोगद्यांच्या तोंडाशी ताज्या लेंड्या दिसल्या. तिनं कॅझला मुद्दाम बोलावून दाखवल्या.

"दागिने दाखवल्यासारखं काय दाखवतेस?" कॅझ म्हणाला.

"तुझ्याकडच्याच आहेत. ओळखल्या नाहीस?"

पण नोव्हेंबर आला आणि नवंच संकट उभं राहिलं. आडोसा इतका उत्तम झाला होता की हरणं दिवसभर बाहेरच पडत नव्हती. कायद्यानं शिकार सूर्यास्ताला थांबवायची, आणि ही मंडळी अंधारल्यावर निघायची. ऑर्लीन आठ दिवस ओढ्याच्या कडेला बसून राहिली. आतून काटकी मोडल्याचा आवाज यायचा, बस्स.

"शिर की आत आणि उठव," कॅझ म्हणाला.

"एकदा शिरले की संपलं. त्यांच्या घरात आपण पाय ठेवायचा नाही."

"आणि घर विकलं गेलं की?"

"तेव्हाचं तेव्हा. मी शिरणार नाही."

नवव्या दिवशी, शेवटच्या रविवारी, दुपारी साडेतीनला मायलोची गाडी टेकडीवर थांबली. नारिंगी टोपी, खिशात कागद. ओढ्याकडे जायला कुंपणाच्या कडेनं वाट होती, पण पाऊण मैलाचा वळसा. मायलोनं सरळ झोपलेल्या झाडांतून उतरायचं ठरवलं.

"ऑर्ली!" तो वरून ओरडला. "कुठं आहेस? ऑर्ली!"

आधी फांद्या मोडल्याचा आवाज आला. मग शिव्या. मग मायलोची टोपी कुठंतरी अडकली असावी, कारण शिव्या एकदम वाढल्या. ऑर्लीननं ओठ मिटून बंदूक मांडीवरून उचलली. असा हाकारा पैसे देऊनही मिळाला नसता.

मागच्या दारातून पहिलं हरीण बाहेर पडलं, मग दुसरं, तिसरं. मान खाली घालून, बरोबर तिनं कापलेल्या वाटेनं. चौथी जाड मादी ओढा ओलांडून पलीकडच्या उतारावर क्षणभर थांबली. परवाना मादीचाच होता. एकच बार झाला.

दहा मिनिटांनी मायलो बोगद्यातून रांगत बाहेर आला. गालावर ओरखडे, टोपी नाही, गुडघ्यांना लेंड्या.

"मी आत होतो! गोळी कुठं जाते याची काही शुद्ध?"

"तू उत्तरेला वर, ती दक्षिणेला पलीकडे. एकतीस वर्षं आरसे बघून गाडी चालवलीय मी." तिनं बाह्या सरसावून मादीचं पोट फाडायला घेतलं होतं. "किती उठली, मोजलीस?"

"मोजायला वेळ दिला का त्यांनी? एक तर माझ्या अंगावरून गेलं." तो मादीकडे बघत राहिला, मग वळून रानाकडे. "सहा-सात तरी असतील."

"कागद आणलायस?"

"आणलाय."

"दे."

"सही करतेस?"

ऑर्लीननं कागद उलगडला, बर्फावर पसरला, वाफाळतं काळीज त्यावर ठेवलं आणि चारी बाजूंनी नीट घडी घातली.

"पिशवी घरी विसरले," ती म्हणाली.

मायलोनं त्या घडीकडे बघितलं. मग पडेल आवाजात म्हणाला, "माझ्याकडे अजून दोन प्रती आहेत."

"घेऊन ये. पुढची दोन वर्षं पिशव्या नकोत."

मायलो हसला नाही, पण वाकून त्यानं मादीचा एक पाय पकडला. तेवढ्यात बार ऐकून कॅझ ओढ्याशी आला. त्यानं मादी बघितली, मायलोचे गुडघे बघितले आणि काय झालं ते विचारायची गरज त्याला पडली नाही.

"खांबावर टांगायची ना?"

"आजच. घरात जायच्या आधी."

"आणि माझा थर्मास?"

"देते."

"दुसरा नोव्हेंबर गेला, ऑर्ली."

"देते म्हटलं ना. दुसरा पाय पकड."