मेणातला चावा

आमच्या लॅबमध्ये भाऊंना सगळे 'ओळंबा' म्हणायचे, भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन लावून सोडतात तो. पाठीमागे म्हणायचे आणि तोंडावरही म्हणायचे, भाऊंना कधी राग आला नाही. भिंतीवरचं कॅलेंडर जरा कलंडलं की हातातलं काम टाकून ते सरळ करायचे. कुणाची कॉलर एका बाजूला दुमडलेली दिसली तर बोलता बोलता नीट करून द्यायचे, मग तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा भेटलेला का असेना.

लॅब दातांची. दवाखान्यांतून पेशंटच्या जबड्यांची मापं, म्हणजे दातांचे साचे येतात, त्यात प्लास्टर ओतून भाऊ दातांची मॉडेलं बनवत. मी शेजारच्या टेबलावर दातांवर बसवायच्या कॅप बनवते. बावीस वर्षं आमच्या दोघांमध्ये एक नळ आणि एक घासायचं चाक एवढंच अंतर होतं. संध्याकाळपर्यंत त्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या आणि घरी जाताना ते एकदम सत्तरीचे दिसायचे. मी त्यावरून चिडवायचे, ते हसायचे.

त्यांचं काम फार देखणं. डॉक्टर लोक त्यांची मॉडेलं काचेच्या कपाटात मांडून ठेवत. पण त्यांना एक खोड होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वरचा आणि खालचा जबडा वेगवेगळा ओतला जातो. तोंड मिटल्यावर ते एकमेकांवर कुठे बसतात हे कळावं म्हणून डॉक्टर पेशंटला मऊ मेणाच्या पट्टीत चावायला लावतात आणि ती पट्टी मापांसोबत पाठवतात. मेण सांगेल तसे जबडे बसवायचे. भाऊंचा मात्र मेणापेक्षा स्वतःच्या डोळ्यावर जास्त विश्वास. मॉडेल जरा तिरकं बसलं की म्हणायचे, "मेण वाटेत उन्हानं वाकलंय, ताई. दातांना कुठे बसायचंय ते दातांना विचारावं." आणि इथे कणभर, तिथे कणभर घासून जमवून टाकायचे. बऱ्याचदा ते खरंही असायचं. मेण वाकतंच.

त्यांची लेक तेरा वर्षांची असताना जेवताना तिचा जबडा कट्ट वाजायला लागला. वहिनींनी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. मग लेकीच्या लक्षात यायला लागलं, की आरशात हनुवटी मधोमध दिसत नाही, किंचित डावीकडे आहे. भाऊंनी तिला आमच्या ओळखीच्या, तारा लावणाऱ्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्या जुन्या, शांत, घाई न करणाऱ्या.

डॉक्टरबाईंनी दोन शक्यता सांगितल्या. एक म्हणजे सवय. दात वेडेवाकडे असले की मूल जबडा एका बाजूला सरकवून चावतं. तसं असेल तर तारा आणि तिरके लावलेले रबर यांनी काम भागेल. दुसरी शक्यता सांगताना त्यांनी आवाज खाली आणला. उजव्या कानाजवळ जबड्याचा जो सांधा असतो, तिथलं हाड डाव्यापेक्षा जास्त वाढत असेल, तर ते थांबेपर्यंत हनुवटीला ढकलतच राहणार. तसं असेल तर लवकर कळायला हवं. लवकर कळलं तर त्या हाडाचं टोक थोडं छाटून बहुधा भागतं.

"वाढत्या वयाची मुलगी आहे, उगाच पुन्हा पुन्हा एक्स-रे नकोत," त्या म्हणाल्या. "दर सहा महिन्यांनी मापं घेऊ. चेहऱ्यावर माझा डोळा फसेल, गाल मध्ये येतात. प्लास्टर फसत नाही. आणि मॉडेलं तर तुम्हीच करणार."

भाऊंना त्या दिवशी केवढा अभिमान वाटला! लॅबमध्ये येऊन त्यांनी मला दोनदा सांगितलं.

पहिल्या मॉडेलात वरच्या आणि खालच्या दातांच्या मधल्या रेषा दोन मिलिमीटर चुकल्या होत्या. ते खरं होतं, मी स्वतः पाहिलं. सहा महिन्यांनी दुसरी मापं आली. भाऊंनी मेणाची पट्टी बसवली, काढली, पुन्हा बसवली, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. तीनपेक्षा जास्त होतं, माझ्या खुर्चीवरूनही दिसत होतं. "वाकलंय," ते म्हणाले. मी हातातल्या कॅपकडे वळले. त्यांनी मेण वितळवायच्या भांड्यात टाकलं, चाक सुरू केलं आणि रेषा दोन मिलिमीटरवर आणून ठेवली. डॉक्टरबाईंचा निरोप आला, वाढ नाही, रबर चालू ठेवा. त्या दिवशी भाऊंनी सगळ्यांना चहा पाजला. मीही तो प्यायले.

तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्याकडे पाठ करून काम केलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मेण भांड्यात पडल्याचा एवढासा आवाज आला.

तुम्ही म्हणाल, बोलली का नाहीस? काय बोलणार होते? की तुमची पोर वाकडी होतेय आणि तुम्ही तिला प्लास्टरमध्ये सरळ करताय? बापाला हे सांगायची माझी छाती झाली नाही. भित्री म्हणा हवं तर. मला स्वतःलाच म्हणावंसं वाटतं. पोर अधूनमधून शाळेतून परस्पर लॅबवर यायची. नळावर हात धुताना हसायची, आणि ते हसू दरवेळी थोडं आणखी डावीकडे गेलेलं असायचं. मी तिच्या हातात रुमाल द्यायचे आणि खाली बघायचे.

चौथी मापं आली तेव्हा भाऊ तापानं घरी होते. डॉक्टरबाईंना मॉडेल लवकर हवं होतं, म्हणून ते माझ्या टेबलावर आलं. मी प्लास्टर ओतलं, सुकू दिलं, मेण बसवलं. सहा मिलिमीटर. उजव्या बाजूचे मागचे दात एकमेकांना शिवतही नव्हते. शेजारी चाक होतं, घासून दोनवर आणायला दहा मिनिटं पुरली असती. मी चाकाचं बटण बंद असल्याची खात्री केली, मॉडेल आहे तसं बसवलं आणि पाठवून दिलं.

तीन दिवसांनी डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. पोर खुर्चीत आडवी होती, डोक्यावर दिवा. टेबलावर दोन मॉडेलं शेजारी शेजारी ठेवलेली, एक भाऊंचं, एक माझं.

"सहा महिन्यांत दोनाचे सहा?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "असं होत नाही. यातलं एक चुकलंय."

मी भाऊंकडे पाहिलं नाही. कॅप बनवणाऱ्या बाईनं मॉडेल चुकवलं म्हटलं असतं तर कोणीही मानलं असतं. त्यांचा हात चाळीस वर्षांचा. आणि त्यांनी तोंड उघडलंही, "मेण वाटेत..." एवढं म्हणालेही.

पोर उठून बसली. "बाबा, मेण मी तोंडातून काढलं ना, तेव्हाच मला तिरकं दिसलं होतं. मागच्या वेळीपण. मला वाटलं, तुम्ही बघाल." मग तिनं अगदी हळू विचारलं, "तुम्हाला दिसत होतं?"

दिव्याचा बारीक गुणगुणाट चालू होता. ओळंबा म्हणवणारा तो माणूस भिंतीला टेकला.

"दिसत होतं," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. दुसऱ्याच मापाला कळलं असतं तर टोक छाटून निभावलं असतं, असं त्यांनी सांगितलं, कुणाला न रागावता. आता वरचा जबडाही सोबत कलला आहे. हाडाची वाढ थांबेपर्यंत वाट पाहायची, मग दोन्ही जबडे कापून नव्यानं बसवायचे. मधली काही वर्षं हा चेहरा याच दिशेनं जात राहणार, आणि तिला तो रोज घेऊन शाळेत जायचंय. भाऊ मान हलवत होते, जणू कुणा दुसऱ्याच्या पोरीबद्दल ऐकत होते.

पोरीनं त्यांच्यावरून नजर काढली आणि माझ्याकडे वळवली.

"काकू, तुम्ही तर शेजारीच बसता. तुम्हाला?"

तिथे खोटं बोलायला जागाच नव्हती. "मलाही दिसत होतं," मी म्हटलं.

मला वाटलं, आता ही रडेल, ओरडेल, निदान काहीतरी फेकून मारेल. तिनं तसं काहीच केलं नाही. डॉक्टरबाईंना पुन्हा मापं घ्यायची होती. ती खुर्चीत मागे टेकली, आम्हा दोघांना तिनंच बाहेर थांबायला सांगितलं आणि तोंड उघडलं.