जांभळाखालचा चित्रकलेचा तास

पोरांच्या चित्रानं तुमची कधी फजिती झालीय का? माझी दर शुक्रवारी व्हायची! डहाणूजवळ किनाऱ्यावरच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवायला जायचे. शिक्षण माझं दहावी, पण रांगोळी बरी काढते, म्हणून हेडसरांनी बोलावलं. खोल्या दोनच, त्यामुळे आमचा तास अंगणातल्या जांभळाखाली. रस्ता रुंद होणार आणि जांभूळ जाणार, अशी कुणकुण जूनपासूनच होती. झाड गेलं की आमचा तासही गेला! सरांनी विषय दिला होता 'पर्यावरण'. मला वाटलं, दोन डोंगर, एक सूर्य, झालं! पण किस्से असे साठत गेले की घरी सांगता सांगता माझा चहा गार व्हायचा.

* * *

पहिल्याच तासाला म्हटलं, "समुद्र काढा." बंदरावरच्या वैशालीनं इतका रंगीत समुद्र काढला की मी तो सगळ्यांना उंच धरून दाखवला.

"बघा रे, किती सुंदर मासे!"

"बाई, मासे नाय ते. वेफर्सच्या पिशव्या."

"अगं, मग मासे कुठायत?"

"असतील खाली," ती शांतपणे म्हणाली. "पिशव्यांमुळे दिसत नाय."

* * *

त्याच पावसाळ्यात प्लास्टिकबंदी आली. पोरांनी जीव ओतून पोस्टर्स केली. हेडसर तलासरीचे. एका संध्याकाळी ते सगळी पोस्टर्स घरी घेऊन गेले आणि सकाळी मोटारसायकलवरून उतरले ते हसतच.

"बाई, सगळी लॅमिनेट करून आणली! आता पाऊस पडो, काही होवो, कधीच खराब होणार नाहीत!"

सगळ्यात वर वैशालीचं पोस्टर होतं. मोठ्या अक्षरात लिहिलेलं, "प्लास्टिक कधीच कुजत नाही!"

सर माझ्याकडे बघतायत, मी सरांकडे!

* * *

मग 'टाकाऊतून टिकाऊ'. मयूरनं घरून जाळ्याचा मोठा तुकडा आणला. आम्ही तो कापून त्याची फुलपाखरं केली आणि जांभळाला टांगली. एवढ्यात मयूरचे बाबा धापा टाकत आले.

"बाई, आमचं जाळं बघितलं का कुठे? बोट थांबलेय!"

माझ्या हातात अजून कात्री होती. मी फक्त वर बोट दाखवलं. त्यांनी वर पाहिलं आणि मयूरवर ओरडले, "टाकाऊ हाय असं कोण बोललं तुला?"

"तुम्हीच ना बाबा! काल आयला बोलला, ह्याच्यात हल्ली काय गावतच नाय."

आता पोराला फटका बसणार म्हणून मी पुढे झाले. पण ते जांभळाच्या मुळावर बसले. एक फुलपाखरू सोडवून घेतलं, खिशात घातलं आणि गेले.

* * *

थंडीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. तलासरीकडे जास्त, आमच्याकडेही भांडी वाजायची. एकदा तास चालू असतानाच जमीन हलली. पोरं ओरडली, मी ओरडले, मग सगळं थांबलं. मयूरच्या कागदावर पट्टीनं काढलेली रेघ मध्येच वेडीवाकडी झालेली.

"खोड ती, सरळ काढ परत," मी म्हटलं.

"मी नाय काढली बाई. जमिनीनं काढली. राहू दे ना!"

* * *

नंतर एकदा म्हटलं, "झाड काढा." चित्रं गोळा केली आणि चक्रावलेच. प्रत्येक झाडाच्या खोडावर आकडा!

"अरे, झाडावर नंबर कशाला?"

"बाई, झाडाला नंबर असतोच!" वैशालीला माझंच आश्चर्य वाटलं. "रस्त्याच्या सगळ्या झाडांना हाय. आपल्याला पण पडला."

मी उठून रस्त्याच्या बाजूनं बघितलं. आमच्या जांभळावर लाल रंगात त्रेचाळीस.

* * *

शेवटचा तास ठशांचा. बटाटा कोरायचा, गेरूत बुडवायचा, कागदावर उठवायचा. मी सांगितलं, पान कोरा, मासा कोरा.

"बाई, आकडा कोरायचा तर उलटा कोरायचा ना?" वैशालीनं विचारलं.

"हो, तरच सुलटा उठेल," मी म्हटलं. त्याच वेळी सर बाहेर आले. चेहरा उतरलेला.

"बाई, उद्या सकाळी येतायत कापायला. मुकादमाला नुसता नंबर दिलाय. तो नंबर बघणार आणि करवत लावणार."

मला वाटलं, पोरं आता रडणार. एकही रडलं नाही. मयूरनं फक्त विचारलं, "बाई, उरलेला गेरू घरी नेऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं करवत घेऊन आली, तेव्हा जांभळावर त्रेचाळीस होता, समोरच्या वाडीतल्या एकूण एक चिकूवर त्रेचाळीस होता, सुरूच्या झाडांवर, विजेच्या खांबावर, हापशावर, शाळेच्या दारावर त्रेचाळीस होता, आणि मुकादम सरांशी वाद घालून मागे वळला, तोवर त्याच्या टेम्पोवरही ओला त्रेचाळीस उठला होता.