फोटो काढला की झाड कुणाचं?

मी वनरक्षक. माहेर जामनेरकडचं, नेमणूक शिंदखेडा तालुक्यात. आमच्या कामात झाडं राखणं आलं तसं झाडं मोजणंही आलं. पूर्वी टेप, कागद आणि पेन्सिल घेऊन हिंडायचो. ते कागद वर जायचे, तिथून आणखी वर जायचे, आणि देशात झाडं किती हे कळेपर्यंत त्यांतली बरीच झाडं चुलीत गेलेली असायची. आता मोबाईलवर ॲप आलं. उपग्रहाचा नकाशा बघून संगणकच जागा निवडतो, आपण तिथं जायचं, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर घ्यायचा, फोटो काढायचा आणि पाठवून द्यायचा. संगणक काही सर्वज्ञ नाही. पहिल्या नकाशात त्याला आमच्या जळगावकडच्या केळीच्या बागा घनदाट जंगल वाटल्या होत्या. त्यावर ऑफिसात चहा होईपर्यंत हसलो आम्ही.

जंगलाबाहेरची, शेताच्या बांधावरची झाडंही मोजायची होती. तिथं घोळ झाला. शेतातला साग तोडायला परवानगी लागते, हे गावात सगळ्यांना ठाऊक. त्यावरून कुणीतरी तर्क लढवला, की फोटो निघाला की कुठलंही झाड सरकारजमा. झालं! आम्ही पोचायच्या आधी कटर मशीन पोचायला लागलं. मोजायला गेलेल्या माणसांमुळेच झाडं पडत होती. माझं डोकं फिरायचं, पण रागवायचं कुणावर?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. नरडाण्याच्या अलीकडे एका म्हाताऱ्या जोडप्याच्या शेतात गेले, तर बांधावरच्या कडुनिंबाखाली मशीनवाला दोरी सोडवत बसलेला. शेतमालक नाना माझ्याकडे बघेचनात.

"नाना, एवढं चांगलं झाड काबरं तोडतात?" मी विचारलं.

"फोटो काढा का ते सरकारनं व्हई जास," नाना म्हणाले. "त्यानापेक्षा मीच तोडी लेस."

मी पाणी मागायच्या निमित्तानं झोपडीकडे गेले, तशी त्यांची बायको, अक्का, मला कोपऱ्यात घेऊन गेली. "मनी आंडेर आखाजीले येस," ती म्हणाली. आंडेर म्हणजे मुलगी. "ह्याच झाडले झोका बांधस. धाकली व्हती तधयपासून. तू त्यास्ले सांग ना, फोटो निंघी गया, आते झाड सरकारनं व्हई गयं. मंग कोनी हात बी लावत नही."

मोह झाला. अंगावर खाकी होती, नानांनी मुकाट्यानं ऐकलं असतं. पण एका बांधावरचं खोटं संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या बांधांवर मशीन फिरलं असतं. शिवाय खोटं बोलायचं तर ते सरकारच्या नावानं, हे मला पटेना. मी नानांकडे परत गेले.

"झाड तुमचं आहे," मी सांगितलं. "फोटो काढला तरी तुमचंच. आम्ही फक्त मोजतो, नेत काहीच नाही. निंबाला परवानगीही लागत नाही."

"म्हंजे मनं झाड मनंच ऱ्हाई?"

"तुमचंच."

नानांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग ऱ्हाऊ द्या. काय घाई शे!" त्यांनी मशीनवाल्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि टेपचं दुसरं टोक स्वतः धरलं. ही गोष्ट त्यांनीच गावभर सांगितली. नंतर त्या गावात एकही झाड आमच्या भीतीनं पडलं नाही. मी खूश होते, उगाच का नाकारू! अक्का मात्र त्या दिवशी, झाड नानांच्याच हातात राहिलं म्हणून, पाठ फिरवून झोपडीत गेली होती.

पुढच्या वर्षी आखाजी होऊन गेल्यावर फेरतपासणीला गेले. आजूबाजूच्या बांधांवर निंब, बाभळी तशाच उभ्या होत्या. नानांच्या बांधावर खुंट होता.

"सावलीमा कपाशी यस नही," नाना हसत म्हणाले. "तुमीच सांगं व्हतं ना, बाई, झाड मनंच शे!"

मला त्यांचा रागही धड आला नाही. त्यांचं झाड, त्यांचा निर्णय. ॲपला फोटो लागतो म्हणून मी खुंटाचा फोटो काढत होते, तेवढ्यात अक्का तांब्या घेऊन आली. मुलगी आली होती का, असं मी विचारलं. आली होती म्हणे, पण सण संपायच्या आधीच सासरी परतली. झोका काही झाला नाही.

"एक खोटं बोलती तं तुनं काय जातं, माय?" ती म्हणाली.

शेजारच्या बांधांवरची झाडं त्या खऱ्यामुळेच उभी आहेत, असं तिला सांगणार होते. पण तिची मुलगी त्या झाडांना झोका बांधणार नव्हती. मी पाणी प्याले आणि तांब्या परत दिला.