तिला कळलं कधी?

"आत्या, बाबा गेले," असा पुतण्याचा फोन आला तेव्हा मी आमटीला फोडणी देत होते. "बरं," म्हटलं, फोन ठेवला, आमटी उकळू दिली, गॅस बंद केला... आणि मग ओट्याला धरून रडले. दादाला हे सांगितलं असतं तर म्हणाला असता, "बघ कुसुम, मधली चित्रं लागतातच!"

साठ-एकसष्टची गोष्ट. दादा अलिबागच्या शाळेत चित्रकला शिकवायचा आणि डोक्यात एकच खूळ : चित्रं हलवून गोष्ट सांगायची. शिकवणारं कोणी नव्हतं. कोरे पत्ते कापायचे, प्रत्येकावर किंचित बदललेलं चित्र काढायचं, गठ्ठा अंगठ्यानं भराभर सोडायचा. किनाऱ्यावर कोळीण वाट बघतेय, होडी लागते, नवरा ऐटीत उतरतो, त्याच्या कमरेच्या रुमालाला मागे खेकडा लटकलेला, ती हसते. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईचा मित्र कॅमेरा घेऊन रेवसच्या लाँचनं येणार होता. तोवर जमलं नाही तर कॅमेरा पुन्हा कुठला मिळायला? आणि गठ्ठा बघून हसत कोणीच नव्हतं! पत्ते रंगवून रंगवून माझी बोटं मोडून आली, लोक आपले "छान आहे" म्हणत.

शेवटी त्यानं गठ्ठा आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या हिराबाईच्या हातात दिला. तिनं तो दोनदा चालवला. म्हणाली, "हसते खरी, पन तिला कललं कवा?"

दादा पत्ते उजेडात धरून मोठ्यानं हसायलाच लागला. आजवर बघणाऱ्यांच्या अंगठ्यांचे डाग एकाच जागी दाट पडले होते, खेकडा दिसतो त्या पत्त्यावर. सगळे तिथं अडखळत होते आणि आम्ही तिला पुढच्याच पत्त्यावर हसवत होतो!

"आता ती न हसता नुसती बघतेय, हेच चित्र पुन्हा पुन्हा काढायचं," दादा म्हणाला.

"सारखंच? मग एकच ठेव की!"

"पुतळा होईल तिचा. पुन्हा काढलं की रेघ जराशी हलते, ती श्वास घेते."

दिवाळीनंतर मित्रानं काढलेली फिल्म शाळेत लावली. पडद्यावर ती थांबली... सगळी शाळा थांबली... ती हसली आणि छप्पर उडेल असा हशा झाला. हिराबाई ओरडली, "आता कललं तिला!" दादाचा तो चेहरा मी आयुष्यभर सांभाळलाय.

गठ्ठा आता माझ्याकडे आहे. परवा पडवीत बसून चालवला. पत्ते सुटत होते, ती मात्र तशीच उभी, श्वास घेत... वाटलं, आज नको हसूस ग. पण ती हसलीच. आणि मीही.