तालमीतला सोनेरी खांदेवाला

आमच्या गावच्या तालमीत आता कुस्ती होत नाही. मातीच्या हौद्यावर फळ्या टाकल्या आहेत, फळ्यांवर गाद्या, आणि गाद्यांवर आमचे दीर. ते तरुण मंडळाचे अध्यक्ष. वय चाळिशीला टेकलं, मागे पेरूची बाग आणि बायको आहे, पण मंडळ तरुण ते तरुणच. मंडळाने मोठा टीव्ही आणि गेमचा डबा आणल्यापासून डेअरीला दूध घालून झालं की ही सगळी बाप्ये मंडळी तिथे बंदुका चालवत बसतात.

मला त्याचं काही वाटत नव्हतं. मला फक्त खोली हवी होती.

आमच्या बचत गटाला मिरची कांडपाचं मशीन मिळालं होतं आणि दुसरी जागा नाही म्हणून ते माझ्या पडवीत ठेवलं होतं. पहिल्याच कांडपाला सासरे शिंकत शिंकत उठले ते शेजारी जाऊन बसले, जेवायलाही येईनात. म्हैस पान्हवेना. पाहणीला तालुक्याहून मॅडम आल्या, त्या उंबऱ्यातच सात-आठ वेळा शिंकल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "राहत्या घरात चालणार नाही. सोमवारी परत येते. स्वतंत्र जागा दाखवा, नाहीतर मशीन दुसऱ्या गावच्या गटाला द्यावं लागेल."

गटातल्या बायकांनी निमगाव केतकीच्या बाजारात मसाल्याच्या ऑर्डरी घेऊन ठेवल्या होत्या. दोघींनी तर खुरपणीला जायचंही बंद केलं होतं. आणि गावात वीज असलेली, कुलूप लागणारी रिकामी जागा एकच होती. तालीम.

मी धाकट्या जावेला, म्हणजे या अध्यक्षांच्याच बायकोला, बरोबर घेऊन गेले. दिरांनी मान वळवली नाही.

"वहिनी, थांबा जरा. इलाईट हाय."

"कोण आहे?"

"इलाईट वं. साधा न्हाय ह्यो."

थांबण्यावाचून इलाज नव्हता, म्हणून पाहिलं. गेममधले साधे शत्रू राखाडी. ते दोन गोळ्यांत पडतात, त्यांची कुणाला फिकीर नसते. मधेच एखादा येतो, तीच अंगकाठी, तीच चाल, पण खांदे लाल. तो सहज पडत नाही. निळ्या खांद्यांचा असतो, तो अधूनमधून दिसेनासाच होतो. आणि सगळ्यांच्या वर सोनेरी खांद्यांचा, त्याच्याभोवती काचेसारखं कवच. या गेमचे चार भाग निघाले म्हणे. दर भागात खांद्यांचे रंग वाढले, आतला इसम तोच राहिला. मला हे समजायला अजिबात वेळ लागला नाही. सोसायटीत सभासद, मग संचालक, मग चेअरमन. अंगकाठी कुठे बदलते?

"भावजी, तालीम पाहिजे. मिरचीच्या मशीनला."

"न्हाय जमायचं. मंडळाची जागा हाय."

"मंडळ करतं काय इथं?"

"दोन म्हैनं झालं, ह्या सोनेरीवर आडकलोय आमी," दीर अशा आवाजात म्हणाले, जणू कालव्याचं पाणी अडलंय. "तुमाला वाटतं खेळ हाय. ह्येला मारून दावा, उद्याच्या उद्या खोली रिकामी करून देतो."

सगळे हसले. कोपऱ्यात आबा बसले होते. आबा जुने पैलवान, तालमीची किल्ली अजून त्यांच्याच कडदोऱ्याला असते. ते हसले नाहीत.

"आध्यक्ष, शबूद गेला बरं का," ते म्हणाले. "तालमीत दिल्याला शबूद हाय. रविवारी दुपारी जोड लावायची. दोन बाया, येक सोनेरी."

"आबा, आवो मी गमतीनं..."

"तालमीत गंमत नसती."

झालं. दुपारी बाप्ये रानात असायचे तेव्हा आम्ही दोघी तालमीत जाऊन सराव करू लागलो. आबा किल्ली द्यायचे आणि दाराशी बसून "पाय हलवा, पाय!" म्हणून ओरडायचे. गेममध्ये पाय अंगठ्याने हलतात हे त्यांना कधी पटलं नाही.

माझी सुरुवात वाईट झाली. माझा शिपाई बराच वेळ आभाळाकडेच बघत राहायचा. जावेचं बरं होतं. नवऱ्याला जेवायला हाका मारता मारता तिला हे सगळे शत्रू तोंडओळखीचे झाले होते.

"आक्का, लाल खांदेवाला आला की मी भाकरी थापायला घ्यायची. त्यो मरंस्तवर भाकरी भाजून व्हती. निळा आला की पीठच मळायचं न्हाय. लई वेळखाऊ."

"आणि सोनेरी?"

"सोनेरी आला की झाकून ठेवायचं आन् झोपायचं."

लाल आणि निळे आम्ही दोन-तीन दुपारींत उरकायला शिकलो. सोनेरीशी मात्र भलतीच अडचण आली. तो एकदम येत नाही. आधी तुतारीसारखं काहीतरी वाजतं. राखाडी मंडळी जिन्याच्या दोन्ही बाजूंनी रांगेत उभी राहतात. मग तो सावकाश पायऱ्या उतरतो, हात वर करतो आणि परक्या भाषेत बोलू लागतो. त्याने हात वर केला की आमच्या जाऊबाई रिमोट खाली ठेवून डोक्यावर पदर घ्यायच्या.

"अगं, काय करतेस?"

"आवो, कुणीतरी मोठं आलं असं वाटतं. हात आपसूक जातोय."

"तो तुझा चुलत सासरा आहे का?"

"चाल तशीच हाय वो."

ती पदर सावरीपर्यंत त्याचं बोलणं संपलेलं असायचं आणि तिचा शिपाई पडलेला. मी पदराला पिन लावून दिली. तिने पिनेसकट घेतला. शेवटी मी म्हटलं, आधीच डोक्यावरून घेऊन बस म्हणजे प्रश्न मिटला. मग हात रिकामे राहिले, तरी तो बोलत असताना गोळी काही तिच्याकडून सुटेना. खरं सांगायचं तर माझ्याकडूनही सुटत नव्हती. आमचा सगळा जन्म मांडवात गेला. पाहुणे आले, सत्कार झाला, बोलायला उभे राहिले की आपण गप्प बसायचं, मधे उठायचं नाही, हे अंगात मुरलेलं. आम्ही दोघी बंदुका खाली करून त्याचं भाषण शेवटपर्यंत ऐकायचो आणि मग मरायचो.

रविवारी दुपारी तालीम भरली. गटातल्या बायका एका बाजूला, मंडळ दुसऱ्या बाजूला. आबांनी एक फळी सरकवून आमच्या दोघींच्या कपाळाला हौद्यातली माती लावली आणि दिरांच्या हातात नारळ दिला.

"ह्यो कशाला?"

"जितंल त्येला द्यायला. धरा."

लाल गेले, निळे गेले. तुतारी वाजली. सोनेरी पायऱ्या उतरला, त्याने हात वर केला आणि बोलू लागला. आमच्या बंदुका खाली.

"हाणा की वहिनी!" दिरांना राहवेना. स्वतः अटीत अडकलेत हेही ते विसरले. "आवो उबा हाय समोर! आमी तर मॅगझिनच्या मॅगझिन रिकामी करतो ह्या टायमाला!"

"बोलतायत ते," जाऊ म्हणाली. "हुंद्या त्येंचं."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. मंडळ दोन महिने भाषणावर गोळ्या झाडत होतं. बोलत असताना त्याचं कवच लखलखत असतं, त्यातून काही आत जात नाही. भाषण संपेपर्यंत मंडळाकडच्या गोळ्या संपायच्या आणि मग तो एकेकाला निवांत उचलायचा. आमच्याकडे सगळ्या शिल्लक होत्या, पण त्या कशा आणि कधी वापरायच्या याचा आम्ही सरावात विचारच केला नव्हता. भाषण संपल्या संपल्या, तो मान वळवून राखाडींकडे बघतो, जसं काही टाळ्यांची वाट पाहतोय, तेवढा वेळ कवच विझलेलं असतं.

"आभार प्रदर्शन!" मी ओरडले. "आता!"

दोघींनी होतं नव्हतं ते सगळं झाडलं. जाऊ डोळे मिटून झाडत होती. सोनेरी गुडघ्यावर आला, मग आडवा झाला. त्याबरोबर राखाडी बंदुका टाकून पळाले, एकही मागे थांबला नाही. बायकांनी एवढा गलका केला की रस्त्यावरून जाणारा ट्रॅक्टर थांबला.

तेवढ्यात परत तुतारी वाजली. जिन्यावर काळ्या खांद्यांचा उभा होता. सोनेरीपेक्षा दुप्पट.

"ह्यो कोण?" दीर पुटपुटले. "ह्यो कदीच दिसला न्हाय."

"तुमी तितवर गेलाच कदी?" जावेने विचारलं.

मी रिमोट दाबून खेळ तिथेच थांबवला. काळ्याचा हात हवेतच राहिला.

"न्हाय, न्हाय! शेवटचा ह्यो हाय. ह्येला मारल्याबिगर..."

"शबूद सोनेरीचा व्हता," आबा म्हणाले. "चितपट झाली. नारळ दे."

दिरांनी नारळ दिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, खोली तुमची. पण डबा बंद करू नगा. काळा मेल्याबिगर ह्यातलं काय टिकत न्हाय, परत पयल्यापासनं खेळावं लागंल. लाईट गेली तर म्हणून मंडळाचा इन्व्हर्टर लावतो हवं तर."

दोन महिन्यांची तपश्चर्या होती, मी डबा चालू ठेवायची एक रात्र सवलत दिली; खेळायचं मात्र पाहणी झाल्यावर. संध्याकाळी त्याच मंडळाने मशीन उचलून आणलं आणि गाद्या गुंडाळून आबांच्या माडीवर नेल्या.

सोमवारी सकाळी मॅडम आल्या. खोली पाहिली, मशीन पाहिलं, कुलूप लावून काढून पाहिलं. मग भिंतीवरच्या टीव्हीकडे नजर गेली. काळे खांदे, वर केलेला हात.

"हे कोण?"

मी तोंड उघडायच्या आत जाऊ म्हणाली, "आमचे मार्गदर्शक."

मॅडमनी त्याच्याकडे एकदा पाहून मान लववली. अशी पुष्कळ छायाचित्रं त्यांनी पाहिलेली असणार. "छान. मशीन चालवून दाखवा."

मशीनची पिन जाडी. ती बसेल असा सॉकेट तालमीत एकच, आणि त्यात मंडळाचा इन्व्हर्टर. रात्री लाईट गेल्याने त्याची बॅटरी पार उतरली होती, डबा आता थेट लाईटीवर चालला होता. दारात दीर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं.

"भावजी," मी म्हटलं, "पहिल्यापासून खेळताना त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबा."

आणि पिन उपसली. टीव्ही काळा झाला. दिरांनी तोंडाला रुमाल लावला तो वाईट वाटून की मिरचीसाठी आधीच, ते मी विचारलं नाही. जावेने मशीनमध्ये पहिली ओंजळ टाकली आणि मॅडमना म्हणाली, "तुमी जरा भाईर उब्या ऱ्हावा."