दोनदा नापास झालेला सबूतराव

आमच्या होस्टेलच्या मेसमधल्या वरणात डाळ असते याचा सबूत मागणारा एकच विद्यार्थी होता, आणि तोही इतिहासाचा. धाराशिवजवळच्या तेर गावचा होता. त्याचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. आम्ही सगळे त्याला सबूतराव म्हणायचो. मेसवाल्यानं पळी भरून वरण त्याच्यासमोर धरलं, तर हा शांतपणे म्हणाला, "हे पिवळं दिसतंय, हे मान्य. पण डाळीचा सबूत काय?"

मी भूमचा. निजामाच्या राज्यात बी.ए. व्हायचं तर हैदराबाद गाठायचं आणि तवारीख, म्हणजे इतिहास, उर्दूतून पाठ करायचा. पाठ करण्यात मी वाघ होतो. प्रोफेसरसाहेबांनी सांगितलेला स्वल्पविरामसुद्धा माझ्या वहीतून निसटत नसे. सबूतराव मात्र प्रत्येक तासाला हात वर करायचा. एकदा साहेब कंटाळून म्हणाले, "बेटा, इम्तिहान में सवाल तुम नहीं, हम पूछते हैं." तरी घरी नेऊन आपली पुस्तकं त्यालाच वाचायला द्यायचे. मला कधी दिली नाहीत. मला त्यांची गरजच नव्हती म्हणा.

तिकडं तेरच्या लोकांनी हायस्कूल काढायचं ठरवलं होतं आणि हेडमास्तरची खुर्ची आपल्या गावच्या पोरासाठी राखून ठेवली होती. त्यानं फक्त बी.ए. व्हायचं होतं.

शेवटच्या परीक्षेत प्रश्न आला: सरकारच्या कृपेनं रयतेला लाभलेल्या सुखसोयी लिहा. मी चौदा लिहिल्या. बाराच पाठ होत्या, दोन भक्तिभावानं सुचल्या. सबूतरावानं लिहिलं की तेरहून धाराशिवला जाणारा रस्ता पावसाळ्यात रस्ता राहत नाही. खाली जोडलं, "साक्षीदार, आमचे दोन बैल." प्रोफेसरसाहेबांनी त्याला बोलावून सांगितलं की लिहिलंस ते खरं आहे, आणि नापास केलं.

मग पोलीस ॲक्शन झाली. राज्य बदललं, प्रोफेसरसाहेब घरी बसले, उर्दूच्या जागी इंग्रजी आली. तेरचे पाटील मुद्दाम हैदराबादला येऊन त्याला म्हणाले, "अरं, त्यांना काय पायजे ते लिहून टाक की. सबूत मागनं गोळा कर." सबूतरावानं मान हलवली. आम्हाला वाटलं, पोरगं सुधारलं.

या वेळी प्रश्न होता: जुन्या राजवटीचे दहा दोष लिहा. यानं सात लिहिले आणि खाली नोंद केली की आठव्याला सबूत मिळाला नाही. वर आणखी एक ओळ: याच राजवटीत मला नापास करणाऱ्या गुरूंनी मला स्वतःची पुस्तकं दिली, ती अजून माझ्या ट्रंकेत आहेत, तपासून घ्यावीत. ट्रंक तपासायला कुणी आलं नाही. निकाल मात्र वेळेवर आला.

हायस्कूल आणखी थांबणार नव्हतं. जागेसाठी मुलाखती झाल्या. मुलाखत घेणाऱ्या नव्या साहेबांनी मलाही जुन्या राजवटीचे दोष विचारले. मी चौदा सांगितले. तेरचा हेडमास्तर मी झालो.

रुजू व्हायला गेलो तेव्हा स्टेशनवर गाडी जुंपून सबूतराव उभा. त्याच दोन साक्षीदार बैलांची गाडी. मला कुठं तोंड लपवू असं झालं. माझी ट्रंक उचलत तो म्हणाला, "तू शिकीव. लई झाक शिकिवशील. कुनी कशावरनं म्हून इचारलं, तर माझ्याकडं लावून दे."

तीस वर्षं मी तेच केलं. पुस्तकातलं फळ्यावर उतरवायचं आणि शंका काढणारं पोर शाळेमागच्या त्याच्या शेतात पाठवायचं. तेरच्या मातीत नांगर घातला की सातवाहनांच्या काळच्या, भेंडासारख्या हलक्या विटा निघतात. त्यातली एक तो विहिरीत टाकायचा आणि ती तरंगायची. "हा सबूत," तो पोरांना सांगायचा. "राजाचं नाव तुमच्या सरांना इचारा, त्यांचं पाठ हाय."

मागच्या पेरणीच्या दिवसांत तो गेला. छातीत कळ आली आणि बांधावरच बसला, तो उठलाच नाही. मी चार दिवस शाळेत गेलो नाही. पाचव्या दिवशी सातवाहन शिकवत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, हे कशावरनं?"

सवयीनं माझा हात खिडकीकडं गेला. शेत तिथंच होतं. हात खाली घेऊन मी म्हणालो, "मला माहीत नाही, बाळ."

त्या वर्गात सबुतासकट बोललेलं माझं हे पहिलंच वाक्य.